अर्धा सेकंद

दुकानात बसल्या बसल्या घड्याळजींनी डाव्या हाताच्या बोटाने टॅबवरच्या खेळातली सराव शर्यत सुरू केली, त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने स्टॉपवॉच दाबलं आणि श्वास रोखला. भोपळा नावाचा तोंडाशी पांढरा झालेला कुत्रा कान मागे टाकून सुटला. त्याने रेषा ओलांडली, अंगठा पुन्हा बसला.

"एकतीस पूर्णांक नऊ," ते म्हणाले. "संपला हा. काढ याला."

सुनेने वही ओढली, पण पेन उचललं नाही. अंतिम शर्यत बाराला होती आणि वीस मिनिटांत कुत्र्याचं नाव द्यायचं होतं. एकदा घरी पाठवलेला कुत्रा या खेळात परत येत नसे. शर्यतीत त्यांच्याविरुद्ध आपल्या घरून खेळत होते व्याही, म्हणजे तिचे सख्खे वडील. सकाळपासून त्यांचे तीन निरोप आले होते, तिन्हींचा मथितार्थ एकच: म्हाताऱ्यांना अंगणात बसवा, मग मैदानात या. निरोप कुत्र्यांविषयी होते, असं दोन्ही घरांनी धरून चाललं होतं.

खेळ वेळ दाखवत नसे, नुसता नंबर. कुत्र्याच्या खेळात दाखवलेल्या वयावर घड्याळजींचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा नियम साधा होता: स्वतःच्या उत्तम वेळेपेक्षा कुत्रा अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडला की नवा आणायचा. या नियमाने वर्षात पाच कुत्रे घरी गेले. पहिला चार महिने टिकला, पाचवा जेमतेम दीड. हल्ली मालच हलका येतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"बाबा, एकदा मी लावून बघू?"

त्यांनी हसत खणातलं दुसरं स्टॉपवॉच तिच्याकडे सरकवलं. शर्यत पुन्हा सुटली, दोघांनी बरोबरच दाबलं. त्यांचं एकतीस पूर्णांक नऊ. तिचं एकतीस पूर्णांक एक. वहीत भोपळ्याची उत्तम वेळ तीच होती, एका दशांशाचाही फरक नाही.

"तुझं घड्याळ मागे पडतंय," म्हणत त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, फुंकर मारली. मग स्वतःचंही उघडलं. दोन्ही घड्याळं भिंतीवरच्या घड्याळाशी पूर्ण एक मिनिट लावून पाहिली. दोन्ही चोख.

मग त्यांनी नवीन पिल्लू पळवलं, कालच आणलेलं, तुरतुरी नावाचं. त्यांचं बत्तीस. तिचं एकतीस पूर्णांक दोन.

घड्याळजींनी वही पुढ्यात घेतली. वहीची पानं उलटी चाळत ते पाचही कुत्र्यांच्या नावांवर थोडं थोडं थांबले. सून मान खाली घालून स्वच्छच असलेला काउंटर पुसत राहिली.

"भोपळाच पळेल," ते शेवटी म्हणाले. "दे नाव. चार मिनिटं राहिलीत."

बाराला दोघांची डोकी टॅबवर एकमेकांना लागली. पहिल्या वळणावर भोपळा चौथा. सुनेने पदर कमरेला खोचला. दुसऱ्या वळणावर तिसरा. सासऱ्यांनी खुर्ची मागे लोटली आणि घड्याळ लावायचं साफ विसरले. व्याह्यांचा काळा कुत्रा शेवटच्या सरळ पट्ट्यात एक अंगभर पुढे होता. भोपळ्याने तो पट्टा असा कापला आणि दोघं असे ओरडले, की शेजारच्या दुकानातला चष्मेवाला कोण गेलं म्हणून बघायला आला. नाकभर अंतराने पहिला.

"आता कळवा म्हणावं," घड्याळजी म्हणाले. व्याह्यांकडून काहीच आलं नाही. ते त्यांना विजयापेक्षा गोड लागलं, आणि त्यांनी चष्मेवाल्याला शर्यत दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा थोडी वाढवून.

ती गोष्ट रंगात आलेली असतानाच एक बाई आत आली. रुमालाच्या घडीतून तिने बोटाच्या पेराएवढं मनगटी घड्याळ काढलं. आईचं आहे, म्हणाली, बंद पडलंय, आणि इथे बाबा स्वतः करतात असं ऐकून आलेय.

घड्याळजींनी ते कानाशी धरलं, उघडलं, आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग पाहिली. मग कपाळावरचं भिंग उतरवून सुनेपुढे ठेवलं.

"ही करेल," ते म्हणाले आणि एरवी तिच्या वाट्याला असलेला घड्याळांच्या पट्ट्यांचा डबा स्वतःकडे ओढून घेतला.