कुंडी आत्याची, नेचा कुणाचा

डोळ्यांसमोर आणून बघा — मातीची एक कुंडी, काठाचा टवका उडालेला, आणि त्या खाचेवर एक मुंगी. पलीकडे जाऊ पाहते, अंदाज घेते, मागे फिरते, पुन्हा येते. आता त्या मुंगीकडे टक लावून बसलेली, तुमच्याएवढीच एक मुलगी आणा. तिला घरात बिट्टी म्हणतात. मुंगीशी तिला काही देणंघेणं नाही. तिला फक्त मान वर करायची नाही, कारण वर केली की आई दिसेल, आणि आईशी ती सकाळपासून बोलत नाहीये.

आई दवाखान्यात नर्स होती. पाळ्या बदलल्यापासून झाडांकडे बघायला तिला वेळ उरला नव्हता, आणि कपडे वाळत घालायचे तर कुंड्यांवरून उड्या माराव्या लागत. म्हणून नको असलेल्या कुंड्या तिनं दाराबाहेर मांडल्या होत्या, ज्याला हवी त्यानं न्यावी. या घराची एक खोड होती : झाड ज्यानं दिलं त्याचंच नाव झाडाला. गुलाब म्हणजे शिंपीकाका, निवडुंग म्हणजे घरमालकीण — यावर बाबा दर वेळी नव्यानं हसत. आजही आई येणाऱ्याजाणाऱ्याला शांतपणे सांगत होती, घरमालकिणीला घेऊन जा, पाणी फार लागत नाही तिला. लोक गोंधळत. एरवी बिट्टी हसून लोळली असती.

पण रांगेच्या टोकाला, त्या टवका उडालेल्या कुंडीत, आत्या होती.

आत्या म्हणजे नेचा. खरी आत्या तो घेऊन जिना चढली तेव्हा धापा टाकत बिट्टीला म्हणाली होती, धर गं बाई, तुझ्यापेक्षा जड आहे हे... मग एकदा, आजोबांनी कुणाकडे राहायचं यावरून आईचे आणि तिचे आवाज चढले, बिट्टीला आतल्या खोलीत पिटाळलं गेलं, आणि चहा अर्धा टाकून आत्या गेली ती गेलीच. बाबांना विचारलं तर म्हणत, त्या दोघींच्या मध्ये मला घालू नका. तेव्हापासून नेच्याला पाणी बिट्टीच घाली. तो हिरवा आहे तोवर आत्या रागावलेली असली तरी पुरती गेलेली नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं — आणि आईनं नेमकं त्यालाच बाहेर काढावं? राग काढायला दुसरं काही मिळालं नाही हिला?

मोटार शिकवणारे काका आले. घरात ऊन येत नाही, सावलीत तग धरेल असं काही द्या, म्हणाले. आईनं नेचा दाखवला. काका वाकले, तशी बिट्टीनं कुंडीला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"आत्याला द्यायचं नाही."

सांडलेली माती झाडणारा आईचा हात थांबला.

"बिट्टे, ती आत्या नाही गं."

"आहे."

"तू सुट्टीत मावशीकडे गेली होतीस ना, तेव्हा माझ्याकडून पाणी राहिलं. पार वाळला तो. मग दुकानं पालथी घातली आणि तस्साच दुसरा आणून या कुंडीत लावला."

"कशाला?"

"आल्या आल्या तू आधी तिकडेच धावणार, हे मला ठाऊक नव्हतं का?" आई केरसुणीकडे बघत म्हणाली. "पण तू त्याला आत्या म्हणतेस, आणि रोज मला खोटं बोलल्यासारखं वाटतं."

रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. नेचा मेला, आत्या नाही, आत्या तिच्या घरी असेल, भाजी चिरत असेल... मग इतके दिवस मी पाणी घालत होते ते कुणाला? आणि आई — जी आत्याचं नावसुद्धा काढत नाही, ती भर उन्हात, घामाघूम होऊन, दुकानादुकानांतून आत्या शोधत हिंडत होती... हे चित्र काही केल्या बिट्टीच्या डोक्यात मावेना. कुंडी आत्याची. नेचा आईचा. याला हाक तरी काय मारायची?

काकांनी घसा खाकरला. नसेल द्यायचा तर राहू दे, म्हणाले.

"तिला विचारा," आई म्हणाली.

"उद्या याल?" बिट्टीनं विचारलं. मग तिनं कुंडी मांडीवर ओढून घेतली — आईकडे पाठ न करता — आणि पानं हळूच बाजूला सारून, वर्गात शेजारी नवीन येऊन बसलेल्या मुलीकडे बघावं तशी, ती त्या नेच्याकडे अगदी बुडापासून बघू लागली.