बाबांचा येता रविवार

आमच्या घणसोली गावात कुणी वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणत नाही. रीत चांगली आहे, मला तिचं कौतुकही आहे. पण तिच्या भरवशावर बाथरूम बांधायला काढू नका.

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर ती गावाबाहेर सेक्टरमधल्या इमारतीत मावशीकडे राहायला गेली. तिथे लिफ्ट आहे. आमच्या घरी संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर, आणि खालच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. बाबांनी त्यातली एक मोकळी करून घेतली आणि तिथे आईसाठी बाथरूम करायला काढलं. काम एवढंसं. ते झालं की आई घरी येणार होती. "येत्या रविवारी न्यायला येतो तुला," बाबांनी तिला फोनवर सांगूनही टाकलं.

तो रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. बाबांचं वाक्य मात्र बदललं नाही.

प्लंबर हरेश आमच्याच भावकीतला. बाबा त्याला नाक्यावर चार माणसांत गाठायचे.

"हरेश, उद्या येतोस ना?"

"येतो ना काका!"

दुसऱ्या दिवशी हरेशचा पत्ता नसायचा. पाइप नाहीत म्हणून लादीवाला खोळंबला, आणि कंटाळून दुसरीकडे कामाला लागला. बाबा घरात आदळआपट करायचे आणि संध्याकाळी नाक्यावर जाऊन पुन्हा तोच प्रश्न विचारायचे. मला संताप यायचा. महाप्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी कामं वेळेत उरकून घेण्याचाच पगार घेते. तिथे कुणी "होईल मॅडम" म्हणालं की मी आधी विचारते, "आडवं काय काय येऊ शकतं, ते सांग." पण बाबांच्या कामात मुलीने नाक खुपसायचं नसतं. शेवटी मी ते खुपसलंच.

हरेशला एकट्याला गाठून चहा पाजला. म्हटलं, "दादा, कधी येशील ते सांगूच नकोस. कुठं कुठं हळद हाय ते सांग."

तो मनापासून हसला. "अगं नमिता, मे महिना हाय! मेव्हन्याची हळद, मंग शेजारच्या पोरीची. मांडवातलं पानी बघायचं माझ्याकडं. रातभर नाचल्यावर दुसऱ्या दिवशी पाना कोन धरतंय?"

"मग बाबांना सांगायचंस ना तसं."

"काकांना नाय कसं म्हनू?" तो चहाकडे बघत म्हणाला. "त्यांच्या ताटात जेवून मोठा झालोय मी."

माझा राग तिथेच निवळला. तो टोलवत नव्हता, मान देत होता बिचारा. मग आम्ही दोघांनी सगळ्या हळदींचे दिवस वगळून हिशेब धरला. लग्नसराई सरल्यावर पाइप, मग पाणी मुरू नये म्हणून खालचा लेप, तो सुकायला वेळ, मग लादी. लादीवाल्यालाही त्याच्या अडचणीच विचारल्या. हिशेब जूनच्या मध्यापर्यंत गेला.

बाबांना मी तो हिशेब सांगितला. "एवढं लांब? तुझ्या आईला काय सांगू मी?"

"खरं ते सांगा."

"तू सांग."

रविवारी आम्ही दोघं मावशीकडे गेलो. आई खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "आई, जूनच्या मध्यावर नेऊ तुला. त्याआधी नाही जमणार." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ती रडेल याची मला भीती वाटत होती.

"हे आधी नाय का सांगायचं?" ती बाबांना म्हणाली. "दर रविवारी सकाली बहिनीकडून साडी नेसवून घेते. एकदा आडवी झाले की उठवायला दोन मानसं लागतात. तुमी आल्यावर उशीर नको व्हायला, म्हनून संध्याकालपर्यंत अशीच बसून राहते. कंबर फुटते माझी."

बाबा वळले. त्यांचा चेहरा बघवेना. "तुला नाय म्हनवत नव्हतं गं."

"म्हना आता."

बाबा तिच्या खुर्चीजवळ आले. "आज नाय नेत तुला. पुढच्या रविवारीपन नाय."

आईने सुस्कारा सोडला आणि दोन्ही हात आमच्याकडे केले. "मग मला जरा आडवी करा."

आम्ही दोघांनी तिला धरून पलंगावर नेलं.