पहिल्या पोत्यातला गंधक

पोरीने फोनवर चांगलं बजावलं होतं, "आई, तुराट्यायले काईच लावू नको. ना औषध, ना राख." भागिरथाबाई "हो व बाई" म्हणाली, फोन ठेवला आणि गोठ्याकडे गेली. बघते तर तुरीच्या वाळक्या काड्यांना वाळवी लागलेली. पोरीच्या अभ्यासाचं लाकूड वाळवीने खावं, हे कोणत्या आईला बघवेल? तिने शेतीच्या औषधांतून उरलेली गंधकाची भुकटी काढली आणि नवरीला हळद लावावी तशी पोतंभर तुराट्यांना चोळली. मग पोत्यात वरून लाडवांचा डबा ठेवला, पोतं रिसोडहून नागपूरला रवाना केलं आणि गप्प बसली.

रत्नमाला नागपुरात संशोधन करत होती. तिचं काम भागिरथाबाईला तोंडपाठ होतं, कारण अख्ख्या रिठद गावाला तीच ते समजावून सांगायची. तुराटी बंद भांड्यात तापवली की काळं, धुरकट तेल निघतं. त्यात फिनॉल नावाची द्रव्यं असतात. ती हायड्रोजनसोबत एका भुकटीवरून नेली की त्यांच्यातला ऑक्सिजन सुटतो आणि उरतं ते पेट्रोलच्या जातीचं तेल. त्या भुकटीला म्हणायचं उत्प्रेरक. हा शब्द आला की तिची जीभ अडखळायची, पण चूक काढणारं गावात होतंच कोण?

पहिल्या पोत्याने कमाल केली. "आई, असं साफ तेल आजपर्यंत निघालं नोतं! आन् लाडूबी भारी होते तुह्ये," रत्नमाला फोनवर ओरडली. भागिरथाबाई दोन्हींवर नुसतीच हसली.

मन मात्र खात राहिलं. म्हणून दुसऱ्या पोत्याच्या तुराट्या तिने विहिरीवर स्वच्छ धुतल्या, कडक उन्हात वाळवल्या आणि मगच पाठवल्या. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

सुटते कसली! दुसऱ्या पोत्याने पार घात केला. उत्प्रेरकाची भुकटी लगेच दमायची आणि तेल काळंच राहायचं. पहिल्यासारखं तेल पुन्हा निघालं नाही तर हे काम बंद, असं रत्नमालाच्या सरांनी सांगून टाकलं. पोर रिसोडहून जीपने घरी आली ती तोंड पाडूनच.

ती जेवायला बसली आणि भागिरथाबाई तिच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढत राहिली. सांगावं, तर लेकीचं एकुलतं एक यश भेसळीचं ठरणार. न सांगावं, तर लेक उगाच डोकं फोडत बसणार. तिला स्वतःचा राग आला. समोर नवरा, गोविंदा, मजेत कढी भुरकत होता, त्याचाही आला.

"पयल्या पोत्यात गंधक होता," ती एकदम म्हणाली. "मीच चोळला. वाळवी लागली होती. खोटं बोलली मी तुह्याशी."

रत्नमालाचा हात ताटातच थांबला. "किती चोळला?"

"मूठमूठ भरून. आता मार मले."

पोर उठली ती थेट आईच्या गळ्यात पडली. भागिरथाबाईला काही कळेना. रत्नमाला हसत-रडत सांगू लागली, की काही उत्प्रेरकांना गंधक म्हणजे विष, पण तिच्या मॉलिब्डेनम धातूच्या भुकटीला थोडा गंधक मिळत राहिला तरच ती दमत नाही. हे तिने वाचलं होतं, पण तुराटीला एवढा गंधक लागला असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मंग आता साऱ्याच पोत्यायले चोळू?" भागिरथाबाईने बाह्या सरसावल्या.

"नाई व! तू साफच पाठव. गंधक मी तिथं मोजून टाकीन. तू फक्त मले खरं सांगत जाय."

भागिरथाबाईने पदराने डोळे पुसले आणि जरा विचार केला. "मंग आजच सांगून टाकतो. ते लाडू शेजारच्या गोमतीबाईनं केलते. आजवरचे सारेच."

गोविंदाची कढीची वाटी ओठांपाशीच राहिली. "आन् मी इतके वर्सं तुह्या हाताची तारीफ करून राह्यलो!"