क्रिलचं शास्त्र अन् अहमदपूरचा टँकर

पावसाळा कोरडाच गेला, अहमदपूरचे नळ आटले, अन् नेमकं तेव्हा रईसाला दक्षिण ध्रुवाकडच्या जहाजावर बोलावणं आलं. तिथल्या समुद्रात क्रिल नावाचे करंगळीएवढे झिंगे असतात. देवमासे, पेंग्विन त्यांच्यावरच जगतात. माणसानं त्यातले किती धरले तर बाकीचे उपाशी मरणार नाहीत, हे शोधायचं तिचं काम.

"म्हणजे मासे धरायला?" पंप दुरुस्त करणाऱ्या अब्बांनी, तय्यबमियांनी, विचारलं.

"न्हाई अब्बा, किती सोडायचे ते सांगायला."

"सोडायला एवढ्या लांब कशाला जातीस?" म्हणत तय्यबमियांनी निर्णय गल्लीवर सोपवला. गल्ली नाही म्हणणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण टँकरवरची डोकेफोड रईसानंच थांबवली होती, तीही क्रिलच्याच हिशेबानं. आधी आजारी अन् बाळंतिणी, मग रांगेतल्या शेवटच्या घराचा वाटा बाजूला, उरलं ते बाकीच्यांत.

"ही गेल्यावर आमचे हंडे कोण बघंल?" गल्लीतली कोंडाबाई कडाडली. "पेंग्विनाच्या पायाखाली बर्फ हाय, त्याला काय धाड भरलीय!"

अब्बा खूश. जहाज हातचं गेलंच, असं रईसानं धरलं.

तेवढ्यात वाटणीचं हे शास्त्र बघायला नगरसेवक ईश्वरप्पा आले. 'उदगीर जिल्हा होऊ द्या, मग पाणीच पाणी' हे त्यांचं रोजचं भाषण.

"साठा नक्की माहीत नसंल तर शास्त्र काय म्हणतं, पोरी?"

"कमीच काढावं," रईसा खरं बोलून गेली.

ईश्वरप्पांचा चेहरा उजळला. "तलावात किती हाय, हे आमालाबी माहीत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी टँकर अर्धाच आला. वर फलक: 'शास्त्रीय पाणीपुरवठा. मार्गदर्शन: कु. रईसा.' पुढच्या खेपेला टँकर रिकामाच आला. ड्रायव्हर हनीफनं हॉर्न वाजवला. "अभ्यास पुरा होईस्तोवर साठ्याला हात लावायचा न्हाई, म्हणले साहेब," एवढं सांगून तो गेला.

संध्याकाळी कोंडाबाई तय्यबमियांच्या दारात. "भाईजान, पोरीला उद्याच धाडा. ती हितं हाय तोवर साहेबाचा अभ्यास संपायचा न्हाई."

"पण गल्ली तर..."

"गल्लीच म्हणतीय, धाडा!"

सकाळी एसटी स्टँडवर गल्लीनं आणलेल्या स्वेटरांचा ढीग. तालुक्याची एकुलती तज्ज्ञ चालली म्हणून ईश्वरप्पा हार घेऊन बसपुढं आडवे झाले. चार बायांनी त्यांना उचलून बाजूला ठेवलं. माणूस जड होता, पण हंडे वाहून हात तयार झालेले.

"वाटणी कोण करणार आता?" खिडकीतून रईसानं विचारलं.

"वाटणी आमाला येतीय आता," कोंडाबाई म्हणाली. "तू हो पुढं. पाणी कसं आणायचं ते आमी बघतो." अन् तिनं ईश्वरप्पांचा दंड धरला.