व्हॉल्व्हची सातवी जोडी

जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना सगळे कानवाले म्हणत. आतल्या काचेच्या दिव्यांची, म्हणजे व्हॉल्व्हची, कोणतीही जोडी लावा, कोणती दमली आहे ते कानवाले डोळे मिटून सांगणार, असा त्यांचा लौकिक. लौकिकाचं बरं असतं, माणूस पिकला तरी तो तरुणच राहतो. कानांचं तसं नसतं.

तपासणीसाठी त्यांची एक ठरलेली कॅसेट होती. गाण्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. गाणारा खरा कसा गातो ते आपण कुठे ऐकलंय? आवाज रोजच्या ओळखीचा हवा. म्हणून लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी बायकोला माइकसमोर बसवून वर्तमानपत्र वाचायला लावलं होतं. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह तिच्या आवाजावर पारखला गेला. तिचा 'स' नीट उमटला की व्हॉल्व्ह पास. दोन मिनिटं ऐकायचं, कॅसेट मागे न्यायची, जोडी बदलायची आणि पुन्हा तेच. दोन मिनिटांपुढे ती कॅसेट कधी गेलीच नाही.

बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि कॅसेटमधून ती धड येत नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आता तुमच्या कानांत शिरत नाहीत. त्यांनी दिलेल्या यंत्रातून ती पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी यायची, म्हणून यंत्र कपाटात गेलं. डॉक्टरला व्हॉल्व्हमधलं काय कळतंय, असं म्हणून कानवाल्यांनी सगळा दोष व्हॉल्व्हवर ढकलला.

लेक सुट्टी काढून आली होती. तापलेले व्हॉल्व्ह रुमालात धरून ती सकाळपासून काढत आणि लावत होती. सहा जोड्या झाल्या होत्या.

"बाबा, आई अगदी स्पष्ट येतेय." ती समोर बसून मोठ्याने बोलायची, म्हणजे निम्मं तरी त्यांना ओठांवरून कळायचं.

"कसली स्पष्ट? उशीत तोंड खुपसून बोलतेय. बदल."

सातवी जोडी कापसात गुंडाळलेली होती. चांगल्या दिवसासाठी म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं राखून ठेवली होती. लेकीने ती बसवली. अर्धं मिनिट दोघं काचेतली तांबूस तार उजळताना बघत राहिली. मग कॅसेट सुरू झाली.

उशीतलीच कुजबुज. 'स' नाही, काही नाही.

दोन मिनिटं झाली तरी कानवाल्यांचा हात बटणाकडे गेला नाही. बदलायला आता उरलं होतं काय? कॅसेट आपली चालत राहिली. बऱ्याच वेळाने कुजबुज थांबली, पुन्हा थोडी झाली, आणि एकदम एक पुरुषी आवाज खणखणीत आला, "थांब, आधी व्हॉल्व्ह बदलतो." पाठोपाठ खट्‌ झालं.

कानवाले दचकले. तो आवाज त्यांचाच होता, तरुणपणचा, शब्द न्‌ शब्द लख्ख. म्हणजे जोडी ठणठणीत होती. सातही जोड्या ठणठणीत होत्या, डॉक्टरचंच खरं होतं. सगळ्यांचे जाडेभरडे आवाज त्यांना मरेपर्यंत ऐकू येणार होते, फक्त तिचा तेवढा नाही.

"त्याच्या आधी ती काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

लेक रुमालाची घडी घालू लागली. "काही नाही. वाचत होती."

"खोटं बोलू नकोस."

लेकीने मान वर केली. "म्हणाली, 'वाचून झालं. आता माझं जरा ऐकता का? बरेच दिवस सांगेन सांगेन म्हणतेय.'"

"मग?"

"मग तुम्ही थांब म्हणालात."

"पुढे बघ. नंतर बोलली असेल."

लेकीने कॅसेट चालू ठेवली. स्पीकरला कान लावून ती अख्खी बाजू संपेपर्यंत बसली आणि शेवटी तिने नुसती मान हलवली. टेप कोरी होती.

कानवाल्यांनी डोळे मिटले. ती नंतर कधी काही म्हणाली होती का, ते आठवायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. त्या दिवशी कोणता व्हॉल्व्ह बदलला होता, तेवढं त्यांना आठवलं.