समोरच्या फुटपाथवरून

"वकीलबाई, सल्ला हवाय. फुकटात," चहाचा कप तिच्या फायलींवर टेकवत बाबा म्हणाले.

"कप उचला आधी."

चाळीस वर्षं इमारतींचे फोटो काढण्यात घालवलेला माणूस. फोटोत भिंतीची कड जरा तिरकी आली, की त्यांना जेवण गोड लागत नसे. चौकातल्या जुन्या इमारतीच्या भाडेकरूंना तक्रारीसोबत फोटो जोडायचे होते. दारावरच्या छज्ज्याला तडे गेले होते. काल बाबांनी समोरच्या फुटपाथवर तिवई मांडली, तर वॉचमन धावत आला. मालकाच्या परवानगीशिवाय फोटो नाही!

"रस्त्यावरून दिसतं त्याला कसली परवानगी? मी काय कुणाच्या न्हाणीघरात डोकावतोय?"

परवानगी लागत नव्हतीच. तिने परीक्षेत त्यावर दोन पानं लिहिली होती. पण साडेदहाला सुनावणी होती, आणि बाबांचा वाद म्हणजे मारुतीचं शेपूट.

"लागते," ती म्हणाली. "इमारतीतल्या ऑफिसात जाऊन रीतसर विचारा आणि मोकळे व्हा."

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"बाबा, प्लीज."

"बरं बाई. कायदा तुझा, पाय माझे."

बाराच्या सुमारास ते त्या दारात उभे राहून वॉचमनला अर्ज दाखवत होते, तेव्हा छज्जा कोसळला. वॉचमन दोन पावलं आत होता, तो वाचला. अर्ज सापडला नाही.

"नेहमी लांबून काढायचे गं," आई तेराव्या दिवशीही विचारत होती. "दारात कशाला गेले?"

"काय माहीत," ती म्हणाली.

चौकशीच्या दिवशी मालकाचे वकील थंडपणे म्हणाले, "मयत इसम परवानगी नसताना, मनाई केलेली असताना आवारात घुसला. त्याची जबाबदारी मालकावर येत नाही." वॉचमन खाली बघत राहिला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुटुंबाला काही सांगायचंय?"

आई तिच्याकडे बघत होती. तिने सहा पानांचं निवेदन आणलं होतं. ते तसंच मिटलेलं ठेवून ती उठली.

"ते घुसले नव्हते. परवानगी मागायला गेले होते. फुटपाथवरून फोटो काढायला ती लागत नाही, हे मला माहीत होतं. मला घाई होती, म्हणून मी 'लागते' म्हणाले." तिने आईकडे पाहिलं. "आई, त्यांना त्या दारात मी पाठवलं."