टोकियोत काही हरवत नाही

टोकियो स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मी उजवीकडे उभी राहिले आणि माझ्यामागे ही भलीमोठी रांग लागली. आमच्या ओसाकात उजवीकडेच उभं राहतात, डावी बाजू घाईवाल्यांची. इथे सगळं उलटं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण एकाहत्तराव्या वर्षी पाय आपलं ऐकतात थोडेच. आमच्याकडे मागच्यानं केव्हाच 'काकू, सरका की जरा' म्हटलं असतं, मी सरकले असते, आणि वर पोचेपर्यंत त्याला मुलं किती हेही मला कळलं असतं. इथे एकानं फक्त घसा खाकरला, तोही असा की जणू चूक त्याचीच. माझा मुलगा रिओजी एक पायरी खाली उभा होता. त्यानंही सांगितलं नाही. वर पोचल्यावर मात्र त्या सगळ्यांपुढे कमरेत वाकला.

तिथेच माझं डोकं फिरलं होतं. पण मी गप्प बसले, कारण मी एका कामासाठी आले होते.

ओसाकाच्या ताइशो भागात माझं लहानसं दुकान. लोखंडी तव्यावर कोबीची जाड धिरडी भाजून द्यायची, वर सॉस, वर सुक्या माशाचा कीस. आमचे हे गेले त्यानंतरही मी ते एकटीनं चालवलं. खाली दुकान, वर माझी खोली. आता मालक ती इमारत पाडणार आहे, वसंतात. रिओजीला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "आई, तू एकदा येऊन तर जा."

येऊन तर जा. या तीन शब्दांवर मी दुकान बंद ठेवून चार दिवसांसाठी टोकियोला आले. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं: यांच्या घरात मला जागा आहे की नाही?

तुम्ही म्हणाल, मग सरळ विचारायचं. ओसाकाची बाई, तोंडाची फटकळ, गिऱ्हाइकाला 'ताटात टाकू नका' म्हणून दटावणारी. खरं आहे. पण हे विचारता येत नाही. मी विचारलं की रिओजीला 'नाही' म्हणता येणार नाही, आणि मागून घेतलेल्या जागेत मला आयुष्याचे शेवटचे दिवस काढायचे नव्हते. त्यांनी आपणहून म्हणायला हवं होतं. ते म्हणत नव्हते, आणि मला विचारवत नव्हतं. माझा माझ्यावरच जास्त राग होता.

माझी सून मिसाओ टोकियोचीच म्हणावी, लहानपणी नागानोहून इथे आलेली. दारात तिनं गुडघ्यांवर बसून माझं स्वागत केलं आणि पाहुण्यांच्या सपाता पुढे ठेवल्या. नव्याकोऱ्या, तळव्यावर एक सुरकुती नाही अशा. घर बैठक आणि दोन खोल्यांचं, एक खोली त्या दोघांची. मला अंथरूण बैठकीच्या खोलीत घातलं होतं. दुसऱ्या खोलीचं दार बंद. तिथे सामान आहे, असं रिओजी म्हणाला, आणि म्हणताना त्यानं चहाच्या पेल्यात पाहिलं.

संध्याकाळी मिसाओ व्हॅक्यूम घेऊन त्या खोलीत गेली तेव्हा दार अर्धवट उघडं राहिलं. सामान कसलं आलंय. आत नवी चटई होती, तिचा हिरवा वास बाहेरपर्यंत येत होता. खिडकीशी बुटका पलंग, आणि पलंगाला धरून उठायची दांडी. मग संडासात गेले तर तिथेही भिंतीला नवी दांडी. मिसाओ पंचेचाळीसची, तिला दांडी कशाला लागतेय. मी संडासातच बसून जरा रडले, आणि मग तोंड धुऊन बाहेर आले. म्हटलं, यांचं सगळं ठरलंय. आता कोण आधी बोलतं एवढाच प्रश्न.

जेवायला बसलो. त्या दोघांच्या आपापल्या वाट्या, आपापल्या जेवायच्या काड्या. माझ्यापुढे कागदी पाकिटातल्या, मोडून वापरायच्या.

काड्यांचं काय एवढं, असं कोणी म्हणू नये. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाच्या जेवायच्या काड्या ठरलेल्या असतात. मुलगा आईच्या काड्यांनी जेवत नाही, नवरा बायकोच्या नाही. काड्या ठेवायच्या पेल्यात जितक्या जोड्या, तितकी घरात माणसं. पाहुण्याला पाकीट. माझ्या काड्या मी सोबत आणल्या होत्या, लाल लाखेच्या, टोकाशी रंग उडालेल्या. लग्नात आमच्या ह्यांनी जोडीनं घेतल्या होत्या. त्यांच्या काळ्या, मी त्यांच्यासोबत शवपेटीत ठेवून दिल्या.

रात्री भांडी विसळायला मी मिसाओला मदत केली, आणि ती वळली तशी माझ्या लाल काड्या त्यांच्या पेल्यात उभ्या केल्या. दोघांच्या मध्ये. याहून स्पष्ट मी काय बोलणार होते?

सकाळी न्याहारीला पाकीट. मी पेल्यात पाहिलं, दोनच जोड्या. माझ्या काड्या माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होत्या, धुतलेल्या, रुमालात नीट गुंडाळून वर गाठ मारलेली.

मिसाओला म्हटलं, काड्या स्वयंपाकघरात राहिल्या होत्या वाटतं. ती म्हणाली, "हो आई, मीच ठेवल्या पिशवीत. विसरायला नकोत." आणि सूप वाढलं. सूपही टोकियोचं, काळंभोर आणि खारट.

त्या दिवशी रिओजीनं रजा घेऊन मला शहर दाखवलं. काय दाखवलं म्हणाल तर माणसांचे मास्क लावलेले चेहरे आणि काचेच्या इमारती. गाडीत चिटपाखरू बोलेना. शेजारच्या मुलीला मी सवयीनं पिशवीतली गोळी दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, तीन वेळा मान लववली, आणि न खाता हातात धरून बसली ती उतरेपर्यंत. देवळाबाहेर काडीला ओवलेले गोड गोळे खाल्ले, ती काडी टाकायला रस्त्यावर डबा नाही. सगळं शहर झाडूनपुसून लख्ख, आणि प्रत्येकाच्या पिशवीत आपापला कचरा. मीही ती चिकट काडी घरापर्यंत वागवली.

येताना छत्री गाडीतच राहिली. मी म्हटलं, गेली तर गेली, जुनीच होती. रिओजी ऐकेना. स्टेशनातल्या माणसाशी बोलला, आणि आम्ही तिथल्या बाकावर चहा पिईस्तोवर छत्री परत आली, पट्टी बांधून. त्याआधी उद्यानाच्या कोपऱ्यावर माझा एक हातमोजा पडला होता, तो परतताना कठड्याच्या टोकावर खोचलेला दिसला. रिओजीचा चेहरा अभिमानानं फुलला होता. म्हणाला, "बघितलंस? टोकियोत काही हरवत नाही."

मला वाटलं, आता बोलेल. छत्रीवरून दुकानावर येईल, दुकानावरून खोलीवर. तो म्हणाला, उद्या पाऊस येईल बहुतेक.

त्या रात्री मी पुन्हा काड्या पेल्यात ठेवल्या. सकाळी पुन्हा पिशवीत. यावेळी रुमाल इस्त्रीचा. मला हसावं की रडावं कळेना. इतकी कशी ही बाई नीटनेटकी, की सासूनं मुद्दाम ठेवलेली वस्तूही तिला विसरलेली वाटते? तिचं तरी काय चुकलं म्हणा. जन्मभर हेच शिकली, दुसऱ्याची वस्तू सापडली की जिथल्या तिथे पोचवायची.

तिसऱ्या रात्री जेवताना मीच बोलणं काढलं. म्हटलं, ओसाकात आता हिवाळा सोसत नाही बाई, जिना चढताना गुडघे बोलतात. रिओजी म्हणाला, गुडघ्यांना गरम पट्ट्या मिळतात, पाठवून देतो. मिसाओनं त्याच्याकडे पाहिलं. चांगला वेळ लावून पाहिलं. मग दोघंही आपापल्या वाटीत बघायला लागले. ताटलीत तळलेल्या माशाचा शेवटचा तुकडा उरला होता. घ्या आई, नको तू घे, रिओजी तू, असं करत तो तुकडा गार झाला आणि कोणीच खाल्ला नाही.

मी ठरवलं, आता ओसाकाची पद्धत. निघायच्या दिवशी मिसाओ घराबाहेर कपडे वाळत घालत होती तेव्हा मी काड्या ओट्याच्या खणात घातल्या, अगदी तळाशी, चमच्यांखाली. माझी गाडी गेल्यावर सापडतील. मग यांना विचार करावा लागेल. फोन करतील, आई तुमच्या काड्या इथे आहेत. मी म्हणेन, असू देत तिथेच. त्यावर तरी त्यांना काहीतरी बोलावंच लागेल.

मिसाओनं दारात निरोप घेतला. मी वळणावरून मागे पाहिलं तर ती वाकलेलीच. मी वाकले. ती पुन्हा वाकली. रिओजीनं पिशवी ओढली म्हणून सुटका झाली, नाहीतर आम्ही दोघी अजून तिथेच असतो.

स्टेशनवर रिओजी माझ्यासाठी जेवणाचा डबा आणि चहा आणायला गेला. मी शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटावर माझ्या डब्याच्या खुणेपाशी उभी होते. गाडी येऊन उभी राहिली, सफाईवाल्या आत शिरल्या. तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी पळत येताना दिसलं. टोकियोत कोणी फलाटावर पळत नाही म्हणून मी पाहिलं, तर मिसाओ. पायात घरातल्या बागेच्या चपला, केस विस्कटलेले. हातात रुमालाची गुंडाळी.

"आई," ती धापा टाकत म्हणाली, "ह्या राहिल्या."

मग मात्र माझा बांध फुटला. "राहिल्या नाहीत गं बाई. ठेवल्या होत्या मी. मुद्दाम. तिन्ही वेळा."

आता ती माफी मागेल, मान लववेल, गोड हसेल, असं मला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. नजर वर करून माझ्याकडे पाहिलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पहिल्या रात्रीपासून माहितीये."

तिनं केस मागे सारले.

"ती खोली माझ्या आईसाठी आहे. मार्चमध्ये येतेय नागानोहून. तिला आता एकटीनं गॅस बंद करायचंही आठवत नाही, आणि माझ्याशिवाय तिचं कोणी नाही. दोघींना जागा होणार नाही आई, आमचं घर केवढंसं." ती एका दमात बोलत होती. "रिओजी सांगणार होता. त्यासाठीच तुम्हाला बोलावलं. रोज रात्री म्हणायचा, उद्या सांगतो."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुमच्या मुलानं सांगायची गोष्ट मी कशी सांगू? म्हणून काड्या परत ठेवत होते. वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

म्हणजे चार दिवस आम्ही दोघी त्या काड्यांनी एकमेकींशी बोलत होतो. मी म्हणत होते, राहते. ती म्हणत होती, नको. आणि मला वाटत होतं की तिला कळत नाही.

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण चार दिवसांत टोकियोत माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं माणूस होतं, आणि ते बागेच्या चपला घालून अर्धं शहर पळत आलं होतं. मी काड्या घेतल्या. दोन्ही हातांनी घेतल्या. म्हटलं, "आईला जप हो. गॅसला ते आपोआप बंद होणारं बटण बसवून घे." तिला रडू फुटलं. टोकियोच्या फलाटावर, सगळ्यांदेखत.

रिओजी डबा आणि चहा घेऊन आला. आधी बायकोला पाहिलं, मग माझ्या हातातली रुमालाची गुंडाळी. क्षणभर त्याचा चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला, काच फोडून आल्यावर व्हायचा तसा. मला वाटलं, आता तरी.

"अरे वा, सापडल्या का?" तो म्हणाला. "बघ आई, म्हटलं नव्हतं? इथे काही हरवत नाही."

मी त्याच्या हातातला डबा घेतला आणि गाडीत जाऊन बसले. खिडकीबाहेर दोघंही वाकले होते. मिसाओ वर उठली नाही. रिओजी मधूनच मान वर करून हात हलवत होता, पुन्हा ये, पुन्हा ये, असं काचेपलीकडून म्हणत. गाडी सुटली तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

शिझुओका स्टेशन मागे गेल्यावर भूक लागली. डब्यावर रबरानं कागदी पाकीट बांधलेलं होतं. मी ते फाडलं, आतल्या काड्या मोडून वेगळ्या केल्या आणि त्यांनीच जेवले. भात गार होता, अंडं टोकियोच्या पद्धतीचं, गोड. शेजारच्या माणसानं माझ्या मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं, त्यातून लाल टोकं बाहेर आली होती. त्यानं अर्थातच काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "त्या घरी जेवायच्या आहेत हो."

मग मी त्या पुन्हा गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवल्या. वसंताला अजून चार महिने आहेत. घर शोधायचंय.